गोदीला विहिरीतून वर काढण्याबाबत

मी आजारी पडल्याचा फायदा घेऊन माझा दीर इंद्रभान यानं मागच्या बाजारी गोदीला विहिरीत उडी टाकायला लावली, आणि खेळ कायमचा संपला म्हणून सांगून मोकळा झाला. मला विचारलं नाही. मी खाटेवर होते, मेले नव्हते.

गोदी म्हणजे आमच्या दुपारच्या खेळातली सून. बाजारच्या दिवशी बायांचा सौदा झाला की लिंबाखाली खेळ लागतो, आणि गोष्ट पुढल्या बाजारी पुढं चालते. सासूनं गोदीला हाकललं, नवरा नागपुरास गिरणीत गेला तो आला नाही, तिथून वर्षानुवर्षं चालू आहे. तिनं उडी टाकली त्या दिवशी कितीक घरी चूल पेटली नाही.

म्हणून मी चतुराबाई, बेवा जगदेव, राहणार मौजे किन्हीराजा, माझ्या मागं काय व्हावं ते स्वतःच्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, छातीच तेवढी बिघडली. कोणाचा धाक नाही, मला धाक घालणारा अजून भेटायचा आहे. अर्जनवीस म्हणाला, फक्त वस्तू लिहा, बाकीचं मृत्युपत्रात बसत नाही. त्याला उठवून लावलं. अक्षर वाकडं आहे, तसंच वाचावं.

एक. घर आणि गोठा इंद्रभानला. जगदेवचा भाऊ आहे, त्याला रस्त्यावर काढत नाही. पण खेळाच्या वस्तूला त्यानं हात लावायचा नाही. त्याला रात्रीचा खेळ पाहिजे, गॅसबत्ती पाहिजे, समोर माणसं पाहिजेत. म्हणतो, "वहिनी, बायाइच्या रडण्यात काय ठेवलं हाय?" त्याच रडण्यावर याच्या ताटात भाकर पडली. आणि रात्री बाईला घराबाहेर कोण येऊ देतं?

दोन. बैलगाडी, कनात, पेटीतली लुगडी आणि खोटे दागिने सुंदरबाईला. गोदीचा पार्ट तीच करते. उडी तिनंच टाकली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "आत्या, पोरगी होती तवापासून रडून राह्यली मी. आता मले सुटू द्या." मला राग आला, अजून आहे. पण खोटं बोलली नाही.

तीन. सासूचा पार्ट मी करत आले. त्यापायी भाजीवाल्या तुळसाबाईनं मला कधी धड वांगी दिली नाहीत. "आधी गोदीले घरात घे, मंग वांगे ने," म्हणायची. हा पार्ट मी कोणालाही देत नाही. सासू माझ्यासंगं गेली असं लोकांना सांगावं. तुळसाबाईनं आता तरी खूश व्हावं.

चार. सगळे गोष्टीचा शेवट विचारतात. असता तर दिला असता. गोदीला सुख आलं की बाया लुगडं झटकून उठतात. तिच्या हातात काही येतं न येतं तोच थांबायचं आणि ढोलकी वाजवायची, एवढाच माझा धंदा. ढोलकी हेमसिंगची, त्याची त्यालाच.

पाच. इंझोरीची हिरीबाई मला बघायला आली. खाटेशी बसली आणि म्हणाली, "फागुनात आमच्या विहिरीत घागर बुडत नाही, खरडून पाणी काढतो आमी. अन् गोदी कशी बुडली वं?" इंद्रभाननं जन्मात विहिरीवर घागर नेली नाही, त्याला काय कळणार. तेव्हा गोदी मेलेली नाही. तळाशी बसली आहे. सासूच्या कमरेच्या किल्ल्या मी सुंदरबाईला देते. वर आल्यावर तिनं रडायचं नाही, घराचं दार उघडायचं. नवरा परत आणायचा की नाही ते तिनं ठरवावं, माझ्यावर ढकलू नये.

तिला हे नको असेल तर कनात फाडून बाजारातल्या बायांना वाटावी. इंद्रभानला चिंधी मिळू नये.

लिहून ठेवणार: चतुराबाई (सही)
साक्षीदार: हिरीबाई, इंझोरी (डावा अंगठा); हेमसिंग, पोहरादेवी (सही)
मुक्काम किन्हीराजा, फाल्गुन वद्य पंचमी, सन १९५५

सुंदर, हे तुला आत्ताच वाचून दाखवायला हेमसिंगला सांगितलं आहे, मी मरेपर्यंत थांबायचं नाही. रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेत आपला खेळ लागेल, तेव्हा बाया गोदीच्या विहिरीकडं बघत बसतील. पाडव्याच्या दुपारपर्यंत माझ्या खाटेशी ये आणि तुझ्या तोंडानं सांग, गोदी वर येते की नाही. निरोप चालणार नाही.