दोन बोटं डावीकडे

तीर्थरूप मामा,

तुमच्या भाच्याचा वाकून नमस्कार. (दुपारभर गाडीखाली होतो, त्यामुळे तसाही सरळ होत नाहीये.) तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली का? डॉक्टरांनी अजून वाचायला मनाई केली असेल तर मुकाट्यानं ऐका. मामींची कंबर कशी आहे? आणि राग? दोन वर्षं झाली, मामा. वळणावर त्या "हळू घ्या" म्हणाल्या, तुम्ही "मग उतर" म्हणालात, आणि त्या खरंच उतरून चालत घरी गेल्या. तेव्हापासून त्यांनी पिकअपमध्ये पाऊल ठेवलेलं नाही, हे अख्ख्या नात्याला पाठ आहे.

आता बातमी. तुम्ही दिलेली पिकअप मागून डावीकडे का बसते, ते मला कळलं. कधी एकदा तुम्हाला सांगतो असं झालंय, पण क्रमानं सांगतो. गेल्या महिन्यात बायकोचा तीन मजली केक हौद्यातून पोहोचवायला नेला, तर पोहोचेपर्यंत तो डाव्या कडेला जाऊन टेकला होता. हल्ली असाच करतात, असं मी नवरीच्या आईला सांगून पाहिलं. येत्या शनिवारी चार मजली आहे, आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. हाही सरकला तर भट्टी विकून टाकीन, असं बायको म्हणाली, तेही शांतपणे, म्हणून मला धडकी भरली.

लगेच टेप काढली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं, तर डावी बाजू चांगली दोन बोटं खाली. हवा तपासली, दोन्हीकडे सारखी. मग मी (कुणालाही न विचारता, हा आपल्या घराण्याचा गुण) दोन्ही शॉकअप नवे आणून बसवले. गाडी जागची हलली नाही. गॅरेजवाला मिस्त्री चहाचा कप हातात धरून सगळं बघत होता. बसवून झाल्यावर म्हणाला, शॉकअप फक्त उड्या आवरतो, वजन पेलतो तो चाकावरचा पोलादी पाटा. हे आधी का सांगितलं नाही, असं विचारलं, तर म्हणे, तुम्ही इतक्या उत्साहात होतात, मोडवेना.

मग त्यानं डाव्या पाट्यांच्या चळतीत एक जाड पाटा वाढवला. डावी बाजू उचलली गेली, पण एक बोट उरलंच. मी पुन्हा मोजलं, आडवा होऊन मोजलं, उजव्या चाकाखाली फळी घालून मोजलं (फळी घातल्यावर फरक वाढला, तेव्हा काढली). बायको हौद्यात पिठाची परात ठेवून मधोमध लिंबू सोडत होती, ते दर वेळी डावीकडे घरंगळत होतं. शेवटी तिनं विचारलं, "ती डाव्या बाजूची कुलपाची पेटी कधी उघडलीयेस का?"

मामा, वर्षभर गाडी चालवतोय, पेटी एकदाही उघडली नाही. तुम्ही किल्ली दिली नव्हती आणि मला मागायची लाज वाटली होती. हातोडीनं कुलूप तोडलं. आत तुमच्या दुकानातली लोखंडी वजनं. वीस किलोची तीन, दोन किलोची दोन. वर तुमच्या अक्षरात चिठ्ठी: "तिच्या जागी. ६४ किलो. काढू नये."

मी खाली मातीतच बसलो. तुम्ही उजवीकडे एकशे दहा किलो, डावीकडे कुणी नाही, म्हणून गाडीचा तोल राखायला ही वजनं भरलीत, हे डोक्यानं समजलं. पण नुसता तोलच राखायचा, तर दुकानातल्या कुणालाही शेजारी बसवलं असतंत की. दुकानात गिऱ्हाइकाला मापात सूट न देणारा माणूस, गाडी मला देईपर्यंत वर्षभर, रिकाम्या सीटचं माप पेटीत घेऊन हिंडतो, हे वाचून मला रडू आलं. मिस्त्रीनं डोळ्यात ग्रीस गेलं असं समजून फडकं दिलं, त्याच फडक्यानं खरोखर ग्रीस गेलं.

तुमचा आज्ञाधारक (कुलूप सोडून),
भाचा

ता. क. वजनं उचलताना पेटीचा गंजलेला तळही हातात आला. आता वजनं काढली आणि नवा पाटा आत राहिला, म्हणून डावी बाजू बोटभर वर गेली आहे. पाटा काढायला मिस्त्री पुढच्या सोमवारशिवाय रिकामा नाही, आणि केकजवळ लोखंड ठेवू द्यायला बायको तयार नाही. तेव्हा खरी विनंती अशी: शनिवारी सकाळी मामींना पाठवा. डाव्या सीटवर बसतील, मागच्या खिडकीतून केकवरही नजर ठेवतील. मी हळूच चालवीन.

ता. क. २. चिठ्ठीबद्दल मामींना एक अक्षर कळू देऊ नका. चौसष्ट तर मुळीच नाही, त्या सगळ्यांना पंचावन्न सांगतात.

(पाकिटाच्या मागे) मामी, पाकीट चिकटवल्यावर बायकोनं विचारलं, मामांच्या डोळ्याला पट्टी, मग पत्र वाचून कोण दाखवणार? आता पाकीट फाडवत नाही, आत एवढं लिहिलंय. वाचायचं टाळता आलं तर टाळा. वाचलंतच, तर आकडा चुकलाय असं धरून चाला. "तिच्या जागी" हे शब्द मात्र बरोबर आहेत, त्या पेटीत दुसरं काही ठेवलेलं नव्हतं.