खडूची चव

प्रिय आईस, लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे. बाळ मनसोक्त लाथा मारतं. बाबांचा गुडघा कसा आहे? फोनवर बोलताना हे शेजारीच असतात, म्हणून लिहितेय.

तुला हसू येईल, पण मला हल्ली खडू खावासा वाटतो. परवा फळ्यावर लिहिता लिहिता तुकडा तोंडात गेला आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग जिना उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली, कठड्याला धरून खालीच बसले.

डॉक्टरबाईंना खडूचं सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं.

"लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेता का?"

मी हो म्हटलं.

"मग त्या अंगी कशा लागणार? आता गोळ्यांवर भागणार नाही, सलाईनमधून लोह देऊ."

दोनदा देऊन झालं. रक्त वाढतंय, पण म्हणावं तसं नाही, आणि दिवस तर भरत आलेत.

निघताना बाईंनी ह्यांना बाजूला घेतलं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "काही नाही गं, जपायला सांगितलंय." पण तेव्हापासून मी डोळे मिटून पडले की हे गॅलरीत जाऊन मित्रांना फोन करतात आणि हळू आवाजात प्रत्येकाला रक्तगट विचारतात.

धाकट्याच्या वेळी तुझं खूप रक्त गेलं होतं ना? तू कधी बोलली नाहीस.

तुझा रक्तगट माझाच आहे. बाबांना फक्त बाळंतपणाला जातेय म्हणून सांग, आणि लगेच नीघ.

तुझी,
थोरली