बासरी, दूध आणि रेडिओवरची तक्रार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस का अजून? चढू नकोस. (अगदीच बसूनही राहू नकोस, आखडेल.) आम्ही बरे आहोत. मला छातीत धडधडतं, पण डॉक्टर म्हणतात, ते धडधडायलाच हवं.

कळवायचं म्हणजे, आमचं इथलं रेडिओ केंद्र पार बदललं. पूर्वी सकाळी एक बाई सावकाश बातम्या सांगायची, कुणाच्या किल्ल्या हरवल्या, कुणाची छत्री सापडली ते सांगायची, मग बासरी लागायची. बासरी लागली की मी दूध गॅसवर ठेवायचो, संपली की उतरवायचो. (घड्याळावर माझा विश्वास नाही, तुला ठाऊक आहे.) आता तिथे कुणीतरी श्वास न घेता बडबडतो आणि धांगडधिंगा वाजतो. तो संपतच नाही, त्यामुळे दूध रोज उतू जातं. समोरच्या शिंप्याचे पाय गाण्याच्या ठेक्यावर मशीन मारतात, त्याच्या सुया मोडायला लागल्या. न्हाव्याकडे रेडिओ चालू असला तर दाढीला कुणी बसत नाही. (तो गाण्यावर डोलतो, हातात वस्तरा.)

शेवटी शिंपी, न्हावी आणि मी, असे आम्ही तिघे केंद्रावर गेलो. केंद्र म्हणजे सायकलच्या दुकानावरची खोली, भिंतींना गाद्या ठोकल्यासारखी. तिथल्या मॅनेजर मुलीने पाणी दिलं आणि म्हणाली, "आजोबा, मनात असेल ते सगळं बोला." मी दुधाचं बोललो, आणि बोलता बोलता हेही बोलून गेलो, की आमच्या घरात दोन माणसं, पण माझ्याशी नीट सावकाश बोलणारी ती रेडिओवरची बाईच होती. टेबलावर लाल दिवा लागला होता. तो कशाचा, ते खाली उतरल्यावर सायकलवाल्याने सांगितलं. त्याने सगळं रेडिओवर ऐकलं होतं. बाकीच्यांनीही.

घरी हिने चहा दिला आणि ओटा पुसायला घेतला. दुसऱ्या दिवशी केंद्राने लोकांच्या तक्रारींचाच कार्यक्रम सुरू केला आणि पहिलाच फोन तुझ्या भावजयीचा. म्हणाली, दूध बासरी होती तेव्हाही उतू जायचं, कारण तुमचे ते कालचे आजोबा डोळे मिटून उभे असतात आणि ओटा मी पुसते. आणि सावकाश बोलायला त्यांनी मला कधी वाक्य पुरं करू दिलंय का? ती बाहेरच्या खोलीतून बोलत होती, मी स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकत होतो. मध्ये तोंड घालावंसं वाटलं, पण रेडिओला कसं थांबवणार?

तेव्हापासून एक दिवस ती फोन करते, एक दिवस मी. काल तिने सांगितलं, की तिला लहानपणी बासरी शिकायची होती. ताई, मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, की ती बासरी मी एकटाच ऐकतो.

तुझा,
धाकटा

ता. क. जुने कार्यक्रम परत आणा म्हणून आम्ही त्या दिवशी केंद्रावर सह्या दिल्या होत्या (पहिली माझी), ते केंद्राने मान्य केलं. पुढच्या महिन्यापासून बासरी सुरू, तक्रारी बंद. तर तू केंद्राला फोन करून सांग, की तक्रारींचा कार्यक्रम तुला फार आवडतो. तुमच्याकडे आमचं केंद्र लागत नाही, ते सांगू नकोस.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायला हिच्याकडे दिलं, तर हिने आतलं वाचलं. म्हणाली, "ताईंना कशाला त्रास? होऊ दे बंद. माझं राहिलेलं मी घरीच सांगेन."

ताई, पत्र मिळताक्षणी केंद्राला फोन कर.