आईने म्हणून घेतलेली भूमिती

आई,

तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा म्हटला तर मला भूमिती आठवावी लागते. तू हाक कशी मारायचीस, रागावलीस की कशी बोलायचीस, ते सगळं पुसट झालं आहे. राहिला आहे तो सकाळच्या स्वयंपाकघरातला, शेगडीच्या धुराने बसलेला आवाज. पक्ष सांग. आता साध्य. आता रचना. आणि मी घाईने पुढे गेले की, थांब, "म्हणून" राहिलं. एवढंच ऐकू येतं, आणि तेही ऐकू येऊ नये असं मला पुष्कळदा वाटतं.

आपण नगरकडून पिंपरीला आलो तेव्हा औषधाचा कारखाना नवा होता. बाबांना तिथे काम लागलं होतं आणि राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. भोवती ज्वारीची शेतं, पलीकडे निर्वासितांची छावणी, आणि शाळा चिंचवडला, चालत. एकदा कारखान्याने कामगारांच्या घरच्यांना आत नेऊन सगळं दाखवलं. तू ठेवणीतलं लुगडं काढलं होतंस. मोठाल्या टाक्या, पाइप, तो उग्र वास, यांच्याकडे तुझं लक्षच नव्हतं. एका काचेपलीकडे पांढरा कोट घातलेली बाई हातातली नळी डोळ्यांसमोर धरून उभी होती आणि दोन पुरुष ती काय म्हणते याची वाट बघत होते. तू तिथेच थांबलीस. मागचे लोक ढकलायला लागले तरी हलली नाहीस. घरी आल्यावर बाबांना विचारलंस, त्या बाई काय शिकल्या असतील. बाबा म्हणाले, सायन्स, आणि त्यासाठी मॅट्रिकला बीजगणित-भूमिती घ्यावी लागते. मुलींना साधं गणित घेऊन पास होता येतं, आपल्याला तेच बरं.

त्याच वर्षी मला विषय निवडायचे होते. गणितात मी कशीबशी पास व्हायचे. वरचं गणित हिला झेपणार नाही, असं मास्तरांनी सांगून ठेवलं होतं. मी स्वतः काहीच म्हणत नव्हते. त्या पांढऱ्या कोटाचं मला फारसं काही वाटलं नव्हतं, तू त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलंस त्याचं वाटलं होतं. आपल्या घरात तू कशावर मत दिल्याचं मला तोवर आठवत नाही. बाबांचं ताट वाढता वाढता तू म्हणालीस, "तिला वरचं गणित घेऊ द्या. मी बघते."

बाबा हसले. "तू काय बघणार? चौथीपर्यंत तुझी शाळा."

"वाचता येतं मला."

बाबांनी आणखी अर्धी भाकरी मागितली आणि बरं म्हणाले. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. पण त्या दिवशी भांडी घासताना तुझा हात किती भरभर चालत होता.

बाबा सकाळच्या शिफ्टला गेले की आपली भूमिती सुरू होते. तुला पोथी वाचायची सवय, ओळीखाली बोट ठेवून, एकही अक्षर न गाळता. भूमितीचं पुस्तकही तू तसंच घेतेस. पीठ उडू नये म्हणून परातीपासून लांब, पालथ्या पातेल्यावर उघडं ठेवतेस आणि भाकरी थापता थापता मान वाकडी करून वाचतेस. आकृतीकडे तू कधी बघत नाहीस. ती तुला पोथीतल्या चित्रासारखी वाटत असावी, शोभेसाठी घातलेली. शब्द मात्र तुझ्या नजरेतून सुटत नाही. मी "बाजू अब बरोबर बाजू अक" म्हणत जाते आणि तू बोटाने माझ्या मागोमाग येतेस. कुठे अडले की आधीच्या वाक्यापासून पुन्हा म्हणायला लावतेस. सिद्धांताच्या शेवटी "हेच सिद्ध करावयाचे होते" असं यायचं, ते तुला फार आवडलं होतं. भाकरी टम्म फुगली की तू ती उतरवताना तसं म्हणायचीस, आणि माझी धाकटी बहीण जमिनीवर लोळून हसायची.

मला काही कळत नाही, हे मी तुला सांगितलं होतं. आई, हे असं का, तेच समजत नाही गं, असं म्हटलं होतं. तू म्हणालीस, "आधी तोंडात बसू दे. कळतं मागून." तुझं पोथीचं तसंच झालं असणार. काही महिन्यांत पुस्तकातले सगळे सिद्धांत मला तोंडपाठ झाले. बीजगणितात सोडवून दाखवलेल्या उदाहरणांसारखी उदाहरणं मी करत होते. मग एक दिवस मास्तरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. त्यांनी टोक खाली असलेला त्रिकोण काढला, त्याला य, र, ल अशी अक्षरं दिली आणि समान बाजूंसमोरचे कोन समान असतात हे सिद्ध करायला सांगितलं. मी सुरुवात केली, त्रिकोण अबकमध्ये. मास्तर म्हणाले, "कुठला अबक? इथे आहे का कुणी अबक?" मी पुन्हा पहिल्यापासून तेच म्हणाले. दुसरं मला येतच नव्हतं. मुलं हसायला लागली. "पोपट परवडला," मास्तर म्हणाले, "त्याला पेरू तरी ओळखू येतो." तास संपल्यावर मात्र त्यांनी मला थांबवलं आणि घरी कोण घेतं ते विचारलं. आई, असं सांगितल्यावर त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, त्यांना सांग, आकृती फिरवून बघायला पाहिजे.

मी घरी येऊन तुला ते तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू पुस्तक उलटं ठेवलंस.

मी हसले. तू हसली नाहीस. डोळे बारीक करून उलट्या ओळी लावत होतीस, भाकरी करपली तरी. दोन-तीन सकाळी तसं केल्यावर यात काही राम नाही हे तुझ्या लक्षात आलं, आणि मग तू अक्षरंच बदललीस. अ म्हणजे शेगडी, ब म्हणजे रांजण, क म्हणजे दार. शेगडी-रांजण बरोबर शेगडी-दार, म्हणून रांजणाजवळचा कोन बरोबर दाराजवळचा कोन. सगळा सिद्धांत तू तसा म्हणून घेतलास. आणि मी तोही पाठ केला. आई, मी तोही पाठ केला. तुला वाटलं, जमलं.

परीक्षेचं केंद्र पुण्याला होतं. पेपरात नेमका तोच सिद्धांत आला. तो मी एका दमात लिहून काढला. त्याच्या खाली रायडर होता, म्हणजे तो सिद्धांत वापरून आपण स्वतः काहीतरी सिद्ध करायचं. तसे आणखीही होते. त्यांना काय हवं होतं तेच मला उमगेना. घंटा होईपर्यंत मी बसून राहिले. निकाल लागला तेव्हा वर्तमानपत्रात माझा नंबर नव्हता. बाकी सगळ्या विषयांत पास होते, गणितात गेले. बाबा चिडले नाहीत. त्यांनी पेपराची घडी घातली आणि तुझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "तूच म्हणाली होतीस."

मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं, पण ते विचारायचं कुणी? तू त्यानंतर घरात कशावरही काही म्हणाली नाहीस. मला रहाटणीचं स्थळ आलं, शेतकरी घर. बाबांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "तुम्ही ठरवाल ते." आणि मग धाकटीची विषय निवडायची वेळ आली. तिला खरोखरच गणित येत होतं, तिला आकृती दिसायची. तू सांग ना बाबांना, म्हणून ती तुझ्या पदराला धरून मागे लागली होती. मी माहेरपणाला आले होते, समोरच होते. तू तिचा हात सोडवून घेतलास आणि म्हणालीस, "मला त्यातलं काय कळतंय." तिने साधं गणित घेतलं. मॅट्रिक झाली, तिचंही लग्न झालं. तिने कधी तुला दोष दिला नाही, आणि मलाही नाही.

त्याच माहेरपणात तू पहिल्यांदा विचारलंस, "बाई, कुठलं वाक्य राहिलं होतं गं?" मी म्हणाले, एकही नाही, सगळं बरोबर लिहिलं होतं. तू मान हलवलीस. सगळं बरोबर लिहून कुणी नापास होतं का? तू मनाशी धरून बसलीस की म्हणून घेताना तुझ्याच नजरेतून कुठेतरी काही सुटलं, आणि मी ते झाकते आहे. पुढे दर भेटीत, इतर बोलणं संपलं की, तू तेच विचारायचीस. तुझ्या शेवटच्या आजारात सासूबाई मला म्हणाल्या, "जा की आईकडं, हितं काय अडत न्हाई," म्हणून मी आले. तेव्हाही तू विचारलंस. मी पहिल्यांदाच समजावायचा प्रयत्न केला. सिद्धांत बरोबर होता आई, रायडर आले नाहीत.

"ते काय असतं? आपल्या पुस्तकात नव्हतं?"

होतं. प्रत्येक सिद्धांताच्या खाली बारीक अक्षरात होतं. त्यांची उत्तरं छापलेली नव्हती, म्हणून आपण ते कधी म्हणून घेतलंच नव्हतं. हे माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी तुझी उशी सारखी केली. तू भिंतीकडे तोंड केलंस. पुन्हा विचारलं नाहीस. पुन्हा विचारायला तू राहिलीच नाहीस.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, हे लिहायला बसले तेव्हाच माहीत होतं. तू पुन्हा विचारलंस तर खोटं सांगायचं, असं मी कितीदा तरी ठरवलं आहे. हॉलमध्ये गोंधळले, एक वाक्य माझ्याकडून राहिलं, तू घेतलं होतंस ते सगळं बरोबर होतं. एवढं म्हटलं असतं तर तू सुटली असतीस. पण खरं सांगू, तू समोर येऊन बसलीस तर मी पुन्हा तेच म्हणेन, सगळं लिहिलं होतं. त्या पेपरात तो एक सिद्धांत होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एक शब्दही न खोडता लिहिलेला. तेवढंच माझं आहे. ते मला सोडवत नाही.