कोठारावरची पिवळी अक्षरं

डेल्बर्ट,

आधी तुझ्या पक्षाचे ते दोन म्हातारे माझ्या अंगणातून हलव. शनिवारपासून शिडी लावून बसलेत, भोपळ्याचे वेल तुडवले, दोन अख्खे ॲपल-पाय (तुला आवडतात तेच) संपवले, आणि कोठार काही पांढरं झालेलं नाही. तू आणि पॅट्रिस ठीक असाल, तुझा गुडघाही बरा असेल. आमचं विचारशील तर एमेटचा रक्तदाब वर आणि माझं डोकं त्याच्याही वर. थोरल्या बहिणीने आशीर्वादाने सुरुवात करावी हे मला कळतं, पण तो शेवटी बघू.

चार वर्षांपूर्वी असाच एक न्यायाधीश निवडणुकीच्या तोंडावर वारला, तेव्हा गव्हर्नर समोरच्या पक्षाचा होता. तू जत्रेत डुकरांच्या मांडवाशेजारी गवताच्या गठ्ठ्यावर चढून ओरडलास, की मतदान होईपर्यंत खुर्ची रिकामी ठेवा. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून माझ्या कोठारावर, हमरस्त्यावरून दिसेल अशी, पुरुषभर उंचीची अक्षरं काढलीस: ‘आधी मतदान, मग न्यायाधीश.’ खाली तुझं नाव. (रंग विकत घेणं जिवावर आलं, म्हणून रस्त्यावर पट्टे मारायचा पिवळा रंग रस्ते खात्यातल्या मित्राकडून आणलास. मी तेव्हाच म्हटलं होतं, हा जन्मात जायचा नाही.)

आता वरच्या कोर्टातले बिचारे ओरिन न्यायाधीश गेले, पुन्हा निवडणुकीच्याच तोंडावर. चर्चच्या तळघरात त्यांच्या मयताचं जेवण चाललं होतं. मी माझं बटाट्या-चीजचं भांडं मांडतेय, आणि तू, एवढा सेनेटर माणूस, हॅमची ताटली हातात घेऊन नव्या न्यायाधीशासाठी सेनेटमधली मतं मोजतोयस! "सोळा आपले, सोळा त्यांचे, उरलो मी. येत्या शुक्रवारी खुर्ची भरून टाकू." मी म्हटलं, "अरे, कबरीवरची माती तरी सुकू दे." तर म्हणतोस, "ताई, परिस्थिती बदलली." परिस्थिती कुठली बदलतेय, मेल्या! गव्हर्नर बदलला.

आणि दुसऱ्या दिवशी रंगारी हजर. पांढऱ्याचा एक हात, दुसरा हात, तिसरा हात. दव पडलं की पापुद्रे सुटतात आणि पिवळं पुन्हा दात काढतं. भोवतीचं तेवढं पांढरंशुभ्र झालंय, त्यामुळे अक्षरं आधी दिसत नव्हती इतकी आता दिसतात. ट्रकवाले भोंगे वाजवून जातात. त्या दोघांतला वर्न म्हातारा शिडीवरून मला म्हणाला, "बाई, कोठार पाडणं सोपं पडेल." मी म्हटलं, "तुझं घर पाड आधी."

मला तुमच्या राजकारणात पडायचं नाही. आठवीनंतर माझी शाळा सुटली, मला त्यातलं कळतही नाही. फक्त आमच्या विहिरीचा खटला वरच्या कोर्टात पडलाय, तेवढं कळतं. वरच्या अंगाला त्या कंपनीने सहा हजार डुकरांच्या घाणीचं तळं केलं तेव्हापासून मी नळ सोडला की आधी वास घेते, मग भांडं धरते. नात सुट्टीला येते तर तिला अंघोळीला पाणी शेजारून आणते. खालच्या कोर्टाने तळं बुजवायला सांगितलं. आता वर सहाच न्यायाधीश उरलेत, वकीलबाई म्हणते तीन इकडे, तीन तिकडे. बरोबरी झाली की खालचा निकाल टिकतो. आणि सातवा म्हणून तुम्ही कोण आणताय? तो रीव्स, ज्याने आजवर दोनदा डुकरवाल्यांच्या बाजूने निकाल दिला! हातातला घास तोंडाशी जात नाही रे माझा.

एमेटने तुला नमस्कार सांगितलाय. सांगितला नाही खरं तर, पण सांगितला असता.

तुझी बहीण,
लोर्ना

ता. क. शुक्रवारी नाही म्हण. सोप्पं आहे, कोठारावर लिहिलेलंच वाचून दाखव.

ता. क. दुसरा: मला तत्त्वाचं माणूस समजू नकोस. रीव्स विहिरीवाल्यांचा असता तर मीच शिडीवर चढून तुझी अक्षरं खरवडून काढली असती. पण तो नाही. म्हणून टीव्हीवाल्या बाईला मी शुक्रवारी सकाळी सातला कोठारापाशी बोलावलंय. यायचं की नाही ते मी तिला गुरुवारी संध्याकाळी कळवणार आहे.

हे पत्र वर्नच्याच हाती देतेय. गुरुवारी दुपारच्या जेवणाआधी फोन कर. पॅट्रिसला करायला लावू नकोस, तू स्वतः कर, आणि रीव्सला हो की नाही एवढंच सांग. आशीर्वाद तोवर माझ्याकडेच ठेवलाय.