गोटीची तिसरी आई

३ एप्रिल
आले एकदाची! पारशिवनीच्या पुढे रस्ता संपला की काय असं वाटेपर्यंत प्राण्यांच्या आश्रयस्थानाची कमान दिसली. खोली छान आहे, कूलर आहे, दारात आंबा आहे. नागपुरात नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होते, आता चक्क गोरिलाचं बाळ सांभाळायचं! भिवापूरहून आईने फोनवर विचारलं, माणसांची लेकरं संपली का? म्हटलं, संपली नाहीत, पण हिच्यासोबत नातेवाईक तरी येत नाहीत.

बाळाचं नाव गोटी. तिची आई बाळंतपणात गेली, म्हणून आता आम्ही दोघी तिच्या आया: इथली जुनी प्रेमिलाताई आणि मी. अंगात खोट्या केसांची काळी बंडी घालायची, म्हणजे गोटी केस मुठीत धरून छातीला चिकटते. मग आपण मुठी टेकत रांगायचं, घशातून गुरगुरायचं. आरशात स्वतःला बघून हसून हसून पुरेवाट झाली.

९ एप्रिल
जाळीपलीकडे जाई राहते. मोठी मादी, तिचं पिल्लू पोटातच गेलं. गोटी पुढे तिच्याच ओटीत घालायची आहे. त्यासाठी जाईला गवत भरलेली पोत्याची बाहुली दिली आहे. आम्ही गोटीला जसं धरतो, तसंच ती बाहुलीला धरते. डोक्याला आधार देते, दुधाच्या वेळी जाळीशी आणून लावते. जे दाखवावं ते उचलते.

गोटी माझ्याकडे रडते आणि प्रेमिलाताईकडे गेली की गप्प. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू.

२१ एप्रिल
प्रेमिलाताई लेकीच्या बाळंतपणाला वाडीला गेली. गोटी आता पूर्ण माझी! झोपेतही बंडी सोडत नाही. प्रेमिलाताईला फोनवर मुद्दाम सांगितलं, माझ्याशिवाय घोटभर दूध पीत नाही म्हणून. ती म्हणाली, "लय जीव नको लावू वं अपेक्षा. लेकरू जाईचं आहे. आपण त फक्त सांभाळून राहिलो."

मत्सर आहे बाईला, दुसरं काय.

२ मे
आज जाई गुरगुरली आणि गोटीने माझी बंडी सोडली. जाळीकडे हात केला. इथल्या प्रमुख डॉक्टर रितिकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जागरणं मी करायची, बाटल्या मी उकळायच्या, हगणंमुतणं मी काढायचं, आणि ही शेंगदाणे फोडत बसणार आणि आई होणार. आयत्या बिळावर नागोबा!

७ मे
एक गोष्ट केली. सगळे जेवायला गेले होते, गोटी टोपलीत झोपली होती. दुसरी बाहुली घेऊन जाळीसमोर बसले. तिला मांडीवर आडवं घेतलं, तोंडावर तळवा ठेवला आणि दाबून धरला. पुन्हा केलं, पुन्हा केलं. जाई बघत होती.

डॉक्टरांसमोर तिने असं केलं की झालं. मग गोटी तिला कोण देतंय?

१० मे
शिकली. पण मी एकटी असले तरच करते. आणि करताना बाहुलीकडे बघत नाही, माझ्याकडे बघते.

१४ मे
डॉक्टरांसमोर जाईची परीक्षा झाली. प्रेमिलाताईही परत आली आहे. जाईने बाहुली सगळ्यांसमोर इतकी नीट सांभाळली की डॉक्टरांचे डोळे भरून आले. तोंडाला हातसुद्धा लावला नाही. शनिवारी गोटी तिला द्यायची ठरलं.

सगळे वळून चालू लागले. तेव्हा जाईने बाहुलीच्या तोंडावर तळवा ठेवला. माझ्याकडे बघत.

१६ मे
सांगायला हवं. सांगितलं तर मला हाकलतील आणि गोटी प्रेमिलाताईकडे जाईल. तिच्याकडे नाही. तिच्याकडे तर नाहीच.

डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले. दूध पावडर संपत आली म्हणून सांगून परत आले.

१८ मे
सकाळी गोटी दिली. जाईने हुंगली, छातीशी घेतली. गोटी रडली नाही. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. जळते आहे मी, जळते आहे.

बाकीचे जेवायला गेले. जाळीपाशी पहारा माझा —

जाईने गोटीला मांडीवर आडवं घेतलं. तळवा उचलला — माझ्याकडे बघते आहे — मी दार उघडते —

आत आहे. बंडी घालून, रांगत आले. गोटी गवतावर आहे, श्वास नीट. जाईने तिला अलगद बाजूला ठेवलं आणि मला ओढलं. तिच्या मांडीवर आहे. हलले की दात दाखवते. एक हात मोकळा, त्याच हाताने — वही बंडीच्या खिशात होती. फोन बाहेर स्टुलावर. ओरडायची छाती होत नाही.

प्रेमिलाताई, तोंड दाबायला हिला मीच शिकवलं. मीच. गोटीला हिच्याजवळ ठेवू नको, तू घे, तूच —

माझं डोकं आधार देऊन धरलंय. किती नीट. तळवा —

गोटी उठून बसली. टक लावून बघते आहे. नको गं, इकडे नको बघू, तूपण शिक—