बाकीची पोरं

बाई, जयंतीची भाषणं वाटण्याची तुमची रीत चालवायचा मी यंदा प्रयत्न केला. भोकरच्या पुढे एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे मी. मुलं मला मॅडम म्हणतात. जयंतीला कुणी बोलायचं हे इथं ठरवावंच लागत नाही. राजांवर शेतकऱ्यांची मुलं बोलतात आणि संविधान लिहिणाऱ्या महामानवावर आमच्या बौद्ध वस्तीतली. फोटो बदलतो, हार बदलतो, बोलायला उठणारं पोरगं बदलतं. समतेवरचं शेवटचं वाक्य तेवढं सगळ्यांचं सारखं, पाठ केलेलं.

उदगीरला तुम्ही मला, वस्तीतल्या मुलीला, राजांवर बोलायला लावलंत. शाळा सुटली की तुमच्या स्वयंपाकघरात सराव. तुम्ही भाकरी थापताय, मी ओट्याशी उभी राहून धडाधडा म्हणतेय, आणि तव्यावरची नजर न काढता तुम्ही म्हणता, "रेडिओ बंद कर आधी. तुला काय वाटलं ते सांग." मला रडूच आलं. मग पहिली भाकरी तुम्ही मलाच वाढलीत, तुमच्या घरच्या ताटात, शेंगदाण्याच्या चटणीसोबत. "आपली मानसं सोडून हे कशाला?" म्हणून माझे वडील चिडले, तर तुम्ही आमच्या घरी आलात, बाजेवर बसून चहा प्यालात आणि भाषण माझ्याकडेच ठेवून गेलात. मला वाटायचं, तुम्हाला हे सगळं सोपं जातं.

यंदा महामानवाचं भाषण मी एका शेतकऱ्याच्या मुलीला दिलं. सहावीतली आहे, बडबडी, प्रश्न विचारून डोकं खाणारी. महामानवाला लहानपणी शाळेत वेगळं बसवायचे, बसायला गोणपाट घरून न्यावं लागायचं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मंग बाकीचे पोरं काय करून राहिले व्हते? कुनीच काही बोललं न्हाई?" इतकी वर्षं शिकवतेय, वस्तीतल्या एकाही मुलानं मला हे विचारलं नव्हतं. त्यांना ते घरूनच माहीत असतं. मला फार आनंद झाला, बाई. तुमची आठवण आली ती तेव्हा.

मग तिचे वडील आले. "मॅडम, दुसरं कोनतंबी भाषन द्या. गावात लोक हासून राहिलेत." त्यांना मी तोंड दिलं असतं. पण त्यांच्या पाठोपाठ वस्तीतले एक आजोबा आले. त्यांची नात दरवर्षी हे भाषण करते. ते रागावले नाहीत. "लेकी, वर्षातून येक दिवस आमच्या लेकरायचा. तोबी वाटून टाकला का?" माझ्याच माणसांचं हे बोलणं, आणि त्यांचंही खरंच होतं. दिवसभर शिकवून, खिचडीचा हिशोब देऊन, मोबाइलवर सरकारी माहिती भरून मी इतकी थकले होते की वाद घालायचं त्राणच उरलं नव्हतं. मी भाषण नातीला परत दिलं. तिनं ते छान केलं.

टाळ्या थांबल्या आणि ती बडबडी सतरंजीवरून उठली. गावासमोर तिनं पाहुण्यांना तेच विचारलं, बाकीचे पोरं काय करून राहिले व्हते म्हणून. पाहुणे हसले. "हुशार हाय पोरगी," म्हणाले आणि घड्याळ बघितलं. तिच्या वडलांनी मान खाली घातली. आजोबा मात्र माझ्याकडे बघत होते. उत्तर तर मला येत होतं. ती पोरं आपापल्या जागी बसून होती, एवढंच सांगायचं होतं. माईक माझ्याच हातात होता. मी आभार मानले आणि कार्यक्रम संपवला.

आमच्या बाजेवर बसलात त्या दिवशी तुम्हीही थकला होतात का, हे विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तर आज जरा आधार झाला असता. तुम्ही तर गेलात, आता हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? कपाटात ठेवून देईन. ती मुलगी आता वर्गात गप्प असते. धडा संपला की मी विचारते, "काही शंका?" तिचा हात वर येत नाही. आणि बाई, मला हायसं वाटतं.